देवळालीचा ताप

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी झोपेत होते. त्या आठवड्यात ऑन-कॉल मी होते. लीड्समधला माझा सहकारी पलीकडून सांगत होता की रात्री दीडला चालायला हवं होतं ते काम चाललंच नाही, त्याच्यावर अवलंबून असलेली पुढची सगळी कामं अडकून पडली आहेत, थोडक्यात, आपला शेड्युलर 'गॉन कम्प्लीटली डूलॅली'. शब्द नवा होता पण अर्थ संदर्भावरून कळला. मी हसले, लॅपटॉप उघडला आणि तासाभराने कारण सापडलं. इंग्लंडमध्ये त्या रात्री घड्याळं एक तास पुढे जातात, एकनंतर थेट दोन वाजतात. दीड वाजतच नाही. आमचा शेड्युलर वेडा झाला नव्हता. जी वेळ येणारच नव्हती तिची तो शिस्तीत वाट पाहत बसला होता.

चहा घेताना शब्दकोश उघडला. मला वाटलं होतं, 'डुलकी'सारखा काहीतरी नादावरून आलेला शब्द असेल. कोशात लिहिलं होतं: देवळाली, नाशिकजवळचं लष्करी ठाणं.

मी नाशिकरोडची. शाळेच्या बसमध्ये निम्मी मुलं देवळाली कॅम्पमधून यायची. तोफखान्याच्या सरावाचे आवाज दुपारी खिडकीच्या काचांमधून ऐकू यायचे आणि गणिताच्या बाई दोन आवाजांच्या मधल्या जागेत सूत्र सांगायच्या. मामाच्या लग्नाचं कार्यालय लाम रोडवर होतं. ज्या नावात मला देऊळ ऐकू येतं, आणि त्या लग्नातली जिलबी आठवते, ते नाव यॉर्कशरमधला एक माणूस 'वेडा' या अर्थी घेत होता.

सोमवारी मी त्याला हे सांगितलं, गंमत म्हणून. त्याला ती गंमत वाटली नाही. तो लाजला, दोनदा सॉरी म्हणाला आणि मग त्याने सरळ विचारलं, "मी हा शब्द वापरणं बंद करू का?" मी म्हटलं, "छे रे, वापर की." पण 'छे रे' म्हणायला मला काहीच विचार करावा लागला नाही याची नंतर मला शंका यायला लागली. एखाद्या शब्दाच्या जन्माची हकिकत कळली म्हणून तो वापरणाऱ्यावर काही जबाबदारी येते का? आणि येत असेल तर ती कोणाच्या बाजूने असते, गावाच्या, की त्या गावात ज्यांची डोकी फिरली त्यांच्या?

म्हणून आधी हकिकत. १८६१ पासून देवळालीला ब्रिटिश फौजेचा कॅम्प होता. मुंबईपासून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटर, घाट चढून वर, हवा बरी. बोटीने नव्याने आलेले गोरे शिपाई इथे उतरवून पुढे आपापल्या पलटणींकडे पाठवले जात. आणि ज्यांची नोकरीची मुदत संपली ते परतीच्या बोटीची वाट पाहत इथेच थांबत. अडचण अशी की फौजेची ने-आण करणारी जहाजं वर्षभर सुटत नसत. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली त्याला पुढच्या हंगामापर्यंत महिनेच्या महिने काढावे लागत. पलटण मागे राहिली, काम संपलं, घर अजून समुद्रापलीकडे, आणि करायला काहीही नाही.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा वेल्समधला एक शिपाई होता. पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात नोकरी केलेला. त्याने १९३६ साली 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात देवळालीबद्दल लिहून ठेवलं आहे. वर्षानुवर्षं एकही गुन्हा नावावर नसलेली, शिस्तीची माणसं इथे येऊन बिघडत, असं तो सांगतो. कोणी दारूत, कोणी गुप्तरोग घेऊन इस्पितळात, कोणी तुरुंगात. बोट आली तरी शिक्षा पुरी होईपर्यंत मागेच. बोट येण्याआधी माणसं जी वागायला लागत त्यावरून शिपायांमध्ये बोलणं पडलं की अमक्याला 'डूलॅली टॅप' झालाय. त्याच्याही आधी, १९२५ साली निघालेल्या शिपाई-खलाशांच्या बोलीच्या एका कोशात हा वाक्प्रचार सापडतो.

यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. हिंदुस्तानीत, फारसीत तप, संस्कृतात ताप. 'देवळालीचा ताप', शब्दश: इतकंच. आपण अजूनही 'डोक्याला ताप' म्हणतो, तेव्हा ते इंग्रज शिपाई आपल्यापासून फार लांब नव्हते.

या शिपायांनी आपल्याकडून पुष्कळ शब्द उचलले. बघून घेणं या अर्थी 'डेको', आपल्या देखोवरून. पक्का, खाकी हे तर आहेतच. मला त्यातली एक जोडी विलक्षण वाटते. घर, मायदेश या अर्थी ते 'ब्लायटी' म्हणत, आणि तो शब्द 'विलायती'वरून आला. म्हणजे ज्या घरासाठी जीव तुटत होता त्याचं नाव, आणि त्या तुटण्याने येणाऱ्या वेडाचं नाव, दोन्ही त्यांनी इथून घेतली. स्वत:च्या भाषेत ही नावं नव्हती असं नाही. पण बहुधा परक्या शब्दांत या गोष्टी बोलायला सोप्या जात असाव्यात. मलाही माझं थकणं 'बर्नआउट' या शब्दात सांगायला सोपं जातं. मराठीत सांगितलं की आई लगेच यायला निघते.

तर 'डूलॅली टॅप' हे शिपायांचं आपसातलं बोलणं होतं आणि त्यात, मला वाटतं, एक समज होती. ताप कोणालाही येतो. तो जागेवरून लागतो, हवेवरून लागतो, आणि उतरतो. माणूस जात्या वेडा आहे असं त्यात म्हटलेलं नाही. त्याला महिनोन्महिने रिकामं बसवून ठेवलंय, कधी सुटका होईल ते कोणी सांगत नाही, म्हणून त्याचं असं झालंय. तुला बसवलं तर तुझंही होईल. दोष कॅम्पचा आहे, वेळापत्रकाचा आहे. ही वाट पाहणं सोसण्याची मर्यादा असते हे पुढे साहेबाच्या सरकारलाही कळलं. १९४६ च्या जानेवारीत, महायुद्ध संपून महिने उलटले तरी घरी सोडत नाहीत म्हणून ब्रिटिश हवाईदलाच्या लोकांनी कराचीजवळच्या ड्रिग रोडला काम बंद केलं आणि ते लोण हिंदुस्थानातल्या नि बाहेरच्या कितीतरी तळांवर पसरलं.

मग शब्दाचं काय झालं ते पाहा. आधी 'ही हॅज गॉट द डूलॅली टॅप'. त्याला देवळालीचा ताप आलाय. पुढे ताप गळून पडला, देवळाली उरली. 'ही हॅज गॉन डूलॅली'. तो देवळाली झालाय. आणि आता 'ही इज डूलॅली'. तो देवळाली आहे. नाम होतं त्याचं विशेषण झालं. माणसाला जे होत होतं ते तोच झाला.

मराठीत ही दोन रूपं आपण जवळजवळ शेजारी ठेवून जगतो. 'त्याला वेड लागलं' आणि 'तो वेडा आहे'. पहिल्या वाक्यात माणूस चतुर्थीत आहे. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, तसं वेड लागतं. बाहेरून येतं, येऊन लागतं. माणूस वेगळा, वेड वेगळं. म्हणूनच क्रिकेटचं वेड लागू शकतं, पुस्तकांचं लागू शकतं आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. दुसऱ्या वाक्यात माणूस आणि वेड यांच्यामध्ये फटच उरत नाही. व्याकरणाला नैतिकता असते असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या वाक्यापुढे 'मग?' असा प्रश्न सुचतो. मग बरं वाटलं का, मग काय केलंत. दुसऱ्यापुढे सुचत नाही.

इंग्रजीत हे एकट्या देवळालीचं झालं नाही. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या मेरीच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे त्याचं इस्पितळ झालं, मग वेड्यांचं इस्पितळ. लोकांच्या तोंडी बेथलेहेमचं 'बेडलम' झालं. अठराव्या शतकात लोक तिथे वेडे बघायला जात, सहल काढल्यासारखे. १७७० साली या प्रकारावर बंधनं आली. आज बेडलम म्हणजे गोंगाट, गोंधळ. सेल लागलेल्या दुकानात बेडलम असतं. ज्या गावी ख्रिस्त जन्मला त्याचं नाव असं उतरत उतरत कपड्यांच्या सेलपर्यंत आलं. देवळातून वेडाकडे जाणारी देवळाली एकटी नाही, तर.

आणि उलटंही होतं. 'बार्मी' म्हणजेही वेडसर. केंटमधल्या बार्मिंग गावी वेड्यांचं इस्पितळ होतं त्यावरून तो शब्द आला अशी तिकडे दंतकथा आहे. प्रत्यक्षात तो 'बार्म'वरून आलाय, म्हणजे बिअरवर येणारा यीस्टचा फेस. डोक्यात फेस झालेला तो बार्मी. बिचाऱ्या बार्मिंगने काहीही केलेलं नसताना लोकांनी वेडाचं खापर एका गावावर फोडलं. वेड म्हटलं की त्याला पत्ता द्यावा असं माणसांना वाटतंच, आणि तो पत्ता आपला नसावा असंही.

देवळालीवर बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात एक विनोदी मालिकासुद्धा केली, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. लेखकांपैकी जिमी पेरी स्वत: तिथल्या तोफखान्याच्या करमणूक पथकात होता. सुरुवातीचे भाग देवळालीतच घडतात. हल्ली ती फारशी दाखवत नाहीत, कारण त्यातला रंगी राम नावाचा भारतीय माणूस एका गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून केला होता. मी काही तुकडे पाहिले. रागवायचं ठरवून बसले होते, दोन ठिकाणी हसू आलं. पण देवळालीतली माणसं, धोबी, न्हावी, आचारी, पंखा ओढणारे, ज्यांच्याभोवती हे गोरे शिपाई वाट पाहत बसले होते, त्यांच्यापैकी कोणाचं डोकं फिरलं तर त्याला काय म्हणत, हे ना मालिकेत आहे ना शब्दात. त्यांची बोट कुठे जाणारच नव्हती.

इकडे २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' नावाने बिअर गाळायला सुरुवात झाली, पुढे मुंबईत त्यांचे टॅपरूम निघाले. देवळालीचा ताप बिअरच्या नळाचा टॅप होऊन परत महाराष्ट्रात आला. आमची टीम तिथे एकदा गेली होती. मी सगळ्यांना व्युत्पत्ती सांगितली, दोघांनी ऐकली.

इथवर माझं 'छे रे' योग्यच वाटतं. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, हे विटगेनस्टाइनचं म्हणणं कॉलेजात कोणाकडून तरी ऐकलं होतं आणि कोड लिहिणाऱ्याला ते लगेच पटतं. फंक्शनचं नाव काय आहे आणि वरच्या कॉमेंटमध्ये काय लिहिलंय याला अर्थ नसतो. ते चालवलं की काय होतं तो त्याचा अर्थ. सहा वर्षांपूर्वी कोणी काय मनात धरून ते लिहिलं याने आजचा निकाल बदलत नाही. लीड्समध्ये डूलॅली म्हणताना देवळालीकडे बोट जात नाही. तो धागा तुटलाय. कोणाकडेच बोट जात नसेल तर दुखणार कोणाला? देवळालीकरांना विचारा. निम्म्यांना माहीत नाही, उरलेल्यांना अभिमान आहे.

माझं गाडं अडलं ते दुसरीकडे. त्या सोमवारी त्याच्याशी बोलून झाल्यावर दुपारी, टीममधल्या एकाने प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर भलतंच काहीतरी चालवलं आणि मी शेजारच्या मैत्रिणीला म्हणाले, "याला येरवड्याला पाठवा."

ठाणे आणि येरवडा. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही यापुढे सांगावं लागत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, येरवड्याचं त्यानंतर काही वर्षांनी आलं. नागपूर नि रत्नागिरीची त्याहूनही जुनी, पण बोलीत ही दोनच गावं रुतली; नागपूरकरांचं वेगळं असेल. हिंदीत आग्रा आणि रांची. चेन्नईत किलपॉक, हैदराबादेत एर्रागड्डा, केरळात कुतिरवट्टम. प्रत्येक भाषेने आपापलं देवळाली करून ठेवलंय. ठाण्याचा माझा एक मित्र कुठे राहतोस विचारल्यावर स्वत:च म्हणतो, "ठाणे, पण स्टेशनच्या बाजूला, त्या बाजूला नाही." लोक हसतात, विषय संपतो.

फरक इतकाच की देवळालीचा धागा तुटलाय आणि हा तुटलेला नाही. ती इस्पितळं चालू आहेत. आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, तिथल्या खाटांवर माणसं आहेत. मी 'येरवड्याला पाठवा' म्हणते तेव्हा बोट थेट त्यांच्याकडे जातं. आणि क्रियापद कोणतं, तर पाठवा. जातो नाही, येतो नाही. दुसऱ्यांनी न्यायचं, सोडायचं. परत आणण्याचं क्रियापद त्या वाक्प्रचारात नाही.

इथे मला अण्णांबद्दल लिहावं लागेल. अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. एका कारखान्यात नोकरीला होते, बुद्धिबळ चांगलं खेळत. तिशीच्या पुढे त्यांना आवाज ऐकू यायला लागले. १९८१ साली आजोबांनी आणि आणखी एका नातेवाइकांनी त्यांना नेऊन दाखल केलं. राज्यातल्या चार इस्पितळांपैकी कोणतं ते सांगत नाही, आणि इस्पितळाबद्दल माझी काही तक्रारही नाही. वर्ष-सव्वावर्षात त्यांना बरं वाटलं. घरी नेता येईल असं पत्र आलं. तेव्हा मोठ्या आत्याचं लग्न ठरायचं होतं. मग धाकटीचं. मग घर बांधायला काढलं होतं. पत्रं येत राहिली. अण्णा १९९२ मध्ये घरी आले, तेही आजी एके दिवशी कोणाला न सांगता एसटीत बसून गेली आणि घेऊन आली म्हणून. अकरा वर्षं. त्यातली आजारपणाची सव्वा, बाकीची वाट पाहण्याची.

माझा जन्म त्यानंतरचा. मला माहीत असलेले अण्णा म्हणजे दुपारी ओट्यावर बसून शेंगा सोलणारे, आम्हाला बुद्धिबळात हरू देणारे, फार कमी बोलणारे आजोबा. ते कुठे होते ते मला कोणी सांगितलं नव्हतं. पाचवीत असताना एका रात्री जेवताना भाऊ ताटात काहीतरी चाळे करत होता, आणि मी शाळेतून नुकतंच शिकून आलेलं वाक्य म्हटलं, "आजी, याला ठाण्याला पाठव." आजीने वाढता वाढता डाव पातेल्यात ठेवला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. अण्णा भात कालवत होते. ते म्हणाले, "इतक्या लांब नको. भेटायला कोणी येत नाही."

आणि जेवायला लागले. कोणी मला रागावलं नाही.

पुढे इंजिनिअरिंगला असताना, ते जायच्या आदल्या वर्षी, मी त्यांना धीर करून विचारलं. त्यांनी फार सांगितलं नाही. म्हणाले, तिथे चहा वेळेवर मिळायचा. आवाज गेले होते, पण पुढेपुढे वाटायचं की परत आले तर बरं, सोबत होईल. आणि म्हणाले की पहिली तीन वर्षं ते पिशवी भरून ठेवत. एक टॉवेल, एक सदरा, दाढीचं सामान. भेटीच्या दिवशी सकाळी भरायची, संध्याकाळी रिकामी करायची. चौथ्या वर्षी पिशवी दुसऱ्या एकाला देऊन टाकली, तो खरंच घरी चालला होता.

फ्रँक रिचर्ड्सचं देवळालीवरचं वर्णन वाचताना मला ती पिशवी दिसत होती. देवळालीचा ताप म्हणजे काय हे मला कोशातून कळलं नाही.

कायद्याने शब्द बदलले आहेत. १९१२ च्या कायद्याचं नावच 'इंडियन लुनसी ॲक्ट', त्यात माणूस 'लुनॅटिक' होता. १९८७ च्या कायद्यात तो 'मानसिकदृष्ट्या आजारी व्यक्ती' झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती'. नीट बघा, विशेषणाचं पुन्हा नाम झालं. आजार माणसापासून सुटा केला. शिपायांनी जो ताप वेगळा ठेवला होता तो कायद्याने शंभर वर्षांनी परत वेगळा काढला. याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात म्हटलंय की केवळ घरचे नेत नाहीत, किंवा घरच नाही, एवढ्या कारणावरून कोणाला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. असं कलम लिहावं लागलं, याचा अर्थ काय असणार ते उघड आहे. अण्णा एकटे नव्हते.

आमच्या क्षेत्रातही शब्द बदलण्याची लाट येऊन गेली. २०२० च्या ऑक्टोबरपासून गिटहबवर नव्या रिपॉझिटरीच्या मुख्य शाखेला 'मास्टर'ऐवजी 'मेन' म्हणतात. गूगलच्या तांत्रिक लेखनाच्या नियमावलीत 'सॅनिटी चेक' टाळा असं आहे. तेव्हा आम्ही यावर पुष्कळ हसलो होतो, मीही. शाखेचं नाव बदलून कोणाचं काय भलं झालं? आणि हा आक्षेप खोटा नाही. नवा शब्दही काही वर्षांत मळतो. 'वेड्यांचं इस्पितळ' नको म्हणून 'मनोरुग्णालय' आलं, आणि आता कॉलेजची मुलं एकमेकांना 'मनोरुग्ण' म्हणून शिवी देतात. 'मेंटल' हे तर इंग्रजीतलं निरुपद्रवी विशेषण. आपण त्याची शिवी केली. स्टीव्हन पिंकरने याला ट्रेडमिल म्हटलंय, कितीही चाललं तरी तिथेच.

पण ट्रेडमिलचा युक्तिवाद शब्द बदलण्यापुरता खरा आहे. शब्द मळतो तो का, याचं उत्तर त्यात नाही. मनोरुग्ण हा शब्द मळला कारण त्या इस्पितळाच्या दाराशी आपलं वागणं बदललं नाही. तेराव्या शतकात ऋद्धिपूरला गोविंदप्रभू होते, चक्रधरांचे गुरू. त्यांचं वागणं वेड्यासारखं होतं हे महानुभावांचेच ग्रंथ सांगतात. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या आहेत. ते वाटेल त्या घरात शिरत, वाटेल ते खात, देवांशी भांडत, आणि लोक त्यांना राऊळ म्हणत, म्हणजे देऊळच. जुनी गावं वेड्यांशी चांगली वागत असं मला म्हणायचं नाही. गावोगावी खांबाला बांधलेली माणसंही होती. एवढंच की तिथे वेड या शब्दाला पत्ता नव्हता. वेडा माणूस समोर होता आणि त्याला काय म्हणायचं ते त्याच्यासमोर म्हणावं लागत होतं.

मी 'येरवड्याला पाठवा' म्हणते तेव्हा नेमकं हेच टाळते. समोरच्याला वेडा म्हणत नाही, तेवढं माझं धाडस नाही. त्याला आणि वेडाला, दोघांनाही गावाच्या नावात गुंडाळून लांब ठेवते. विनोदाचा सगळा जोर अंतरात आहे. म्हणून मला वाटतं की सहकाऱ्याला दिलेलं उत्तर बरोबर होतं पण प्रश्न माझ्या बाजूला होता. त्याचा शब्द मेलेला आहे, आणि जिवंत असताना त्यात माझ्या शब्दापेक्षा जास्त माया होती.

आमच्या कोडमध्ये 'सॅनिटी चेक' नावाची चौदा फंक्शन्स होती. मी त्यांची नावं बदलली नाहीत. बदलायला घेतली होती, मग वाटलं की हे फार सोपं आहे आणि यातून मला जे वाटेल ते चुकीचं असेल. 'येरवड्याला पाठवा' मात्र सोडायचा प्रयत्न करते आहे. जीभ इतकी सवयीची आहे की 'याला ये' इथपर्यंत येऊन थांबते आणि लोकांना वाटतं मी कोणाला तरी बोलावतेय.

या दिवाळीत भावाची मुलगी, पहिलीतली, फराळाचं ताट हातात घेऊन उड्या मारणाऱ्या चुलतभावाला म्हणाली, "याला येरवड्याला पाठवा." सगळे हसले. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तिथे काय असतं माहितीये का तुला?"

"जेल," ती म्हणाली. तेही चूक नाही. मी सांगितलं की तिथे एक इस्पितळही आहे, ज्यांच्या मनाला बरं नसतं त्यांच्यासाठी. तिने विचार केला.

"मग बरे झाले की त्यांना घरी नेतात?"

मी तिला अण्णांबद्दल सांगितलं. शेंगा, बुद्धिबळ, आजी त्यांना एसटीने घरी घेऊन आली ते. अकरा वर्षांचं सांगितलं नाही.